निळी खोटं मिटत नाही

तण म्हणा, कचरा म्हणा, पण खुरपं चालवायच्या आधी माझं ऐकून घ्या. मी निळी बोलतेय, सायखेड्याच्या सहादूच्या मळ्यातली. करंगळीच्या नखाएवढं निळं फूल, एवढाच माझा थाट. माझी एक बहीण म्हणे तांबडी फुलते. मी तिला कधी पाहिलेली नाही. हिवाळ्यात हरभऱ्यात उगवायचं आणि ऊन तापायच्या आत बी सांडून जायचं, हे आमचं आयुष्य.

मला निळी म्हणायला लागली ती सहादूची आई, आक्काबाई. सकाळी ऊन वर आलं की मी उघडते, दुपार कलली की मिटते. पाऊस यायचा असला, तर भर उन्हातही मिटते. आक्काबाईला हे पक्कं ठाऊक. म्हणून खळ्याजवळच्या बांधावरचा माझा एक झुपका ती कुणाला उपटू द्यायची नाही.

सून सुलाबाई मात्र खुरपायला बसली की मागंपुढं बघायची नाही. अठ्ठ्याहत्तर साली हरभरा खळ्यावर पडलेला असताना तिनं बांध साफ करता करता मलाही उपटलं. मग जीभ चावली, इकडंतिकडं पाहिलं आणि मला परत मातीत खोचून दिलं. अहो, मुळं तुटल्यावर कोण डोळे उघडे ठेवील? मी मान टाकली.

दुपार कलायच्या आधीच आक्काबाई आली. "सहादू, निळी मिटली रे! हरभरा झाका!"

हातातली कामं टाकून सगळे धावले. हरभरा उचलून पडवीत नेला. आणि थेंबसुद्धा पडला नाही! गडीमाणसं खो खो हसली. "म्हातारीचं घड्याळ बंद पडलं," सहादू म्हणाला. त्या दिवसापासून आक्काबाई माझ्याकडं बघेना. सुलाबाईनंही तोंड उघडलं नाही. मला असा संताप आला म्हणून सांगू! वाळता वाळता मी ठरवलं, पुढच्या सालीही इथंच उगवायचं.

आणि उगवले, त्याच बांधावर. हरभरा खळ्यावर आला. एक दिवस अकराच्या सुमाराला हवा जड झाली. ऊन लख्ख होतं, तरी मी मिटले. आक्काबाईनं पाहिलं. तिचे पाय थबकले, ओठ हलले, पण ती तशीच पुढं गेली. माझा जीव तुटला.

"अहो, हरभरा झाका! निळी मिटली!" ही सुलाबाई ओरडत होती.

"तू बी म्हातारीच्या नादाला लागली का?" सहादू हसला. "गेल्या साली काय झालं, इसरली?"

"गेल्या साली ती मीच उपटली व्हती! भ्याले अन् परत खोचली. निळी खोटी नाय, आत्याबाई बी खोट्या नाय."

आक्काबाई सुनेकडं बघत राहिली. "वरीसभर पोटात ठिवलंस व्हय गं?" एवढंच म्हणाली आणि ताडपत्रीचं एक टोक तिनं स्वतः धरलं. शेवटचा दगड ठेवेपर्यंत टपोरे थेंब आले, मागोमाग गारा.

आता सत्त्याऐंशी साल आहे. आक्काबाई गेली. सहादूनं तणनाशकाचा पंप आणलाय. परवा तो बांधाकडं वळला, तशी सुलाबाई आडवी आली. "एवढा झुपका सोडा. आत्याबाईंचा हाय."

प्रत्येक बांधावर सुलाबाई नसते, हे मला कळतं. पंप मारा, खुरपं चालवा. मातीत बी आहे तोवर मी येणारच. फक्त मिटलेली दिसले तर हसू नका. आधी माझी मुळं मातीत आहेत ना, ते बघा, आणि मग हरभरा झाका.