ढब्ब्याचे नारिंगी जाकीट

मित्रांनो, दाराआडच्या खिळ्यावर काहीतरी हलले म्हणून दचकू नका. ते मीच. मी एक जुने, नारिंगी, कुत्र्याला पोहताना घालायचे जाकीट आहे. माझ्या पोटाखाली दोन पट्टे आहेत, पाठीवर धरायला मूठ आहे, आणि आत आता कोणीही नाही.

माझा जन्म ताईच्या शिवणयंत्रावर झाला. ताई पिशव्या आणि तंबू शिवते. तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणतात, कारण त्यांनी तीस वर्षे शाळेत कवायत शिकवली. निवृत्त झाल्यावर शिकवायला मुले उरली नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या कुत्र्यालाच शिकवायला घेतले. त्याचे नाव ढब्ब्या, आणि तो होताही तसाच गोल. मास्तर ‘बस’ म्हणाले की तो असेल तिथे बसायचा, आणि ‘ऊठ’ म्हणेपर्यंत त्याचा कानसुद्धा हलायचा नाही. एकदा मास्तर त्याला अंगणात बसवून फोन घ्यायला आत गेले आणि विसरले. तासाभराने बाहेर येऊन पाहतात तर स्वारी भर उन्हात तशीच बसलेली. “याला म्हणतात शिस्त!” असे मास्तर शेजारीपाजारी सांगत सुटले. ताई मात्र दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

वय झाले तसे ढब्ब्याचे मागचे पाय दुखू लागले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वजन उतरवा त्याचं. रस्त्यावर पळवू नका, पाण्यात सोडा. सांध्यांवर भार येत नाही, आणि मजाही येईल त्याला.” मग ताईने तंबूचे उरलेले कापड काढले, त्यात फोमच्या पट्ट्या भरल्या आणि ढब्ब्याला उभे करून मापे घेतली. पोटाशी तिची टेप अपुरी पडली, तेव्हा ती खो खो हसली.

दर शनिवारी सकाळी, माणसांची वेळ संपली की पोहण्याच्या तलावावरचे रखवालदार काका आम्हाला आत सोडत. पहिल्या दिवशी ढब्ब्याने पुढच्या पायांनी नुसते पाणी बडवले आणि मास्तरांचा चष्मा धुऊन काढला. मी त्याला तोलून धरले. चौथ्या शनिवारपर्यंत त्याला अशी गोडी लागली की तलाव दिसला की तोच मास्तरांना ओढत न्यायचा. दोन महिन्यांत माझे पट्टे दोन बोटे आवळावे लागले. जिना चढताना मध्येच थांबणे बंद झाले. “जाकीट झकास शिवलंय हो ताईंनी,” असे काका म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुगत असे. फार सुखाचे दिवस होते ते.

एका शनिवारी दहा फेऱ्या झाल्यावर मास्तर काठावरून ओरडले, “बस! बस झालं आता!” त्यांना म्हणायचे होते, पुरे. ढब्ब्याने ऐकला तो हुकूम. तो पाण्यातच बसला! मागचे पाय पोटाशी घेतले, पुढचे थांबवले आणि मास्तरांकडे एकटक बघत तरंगत राहिला. तरंगत ठेवले होते मी, पण ते कोणाच्या ध्यानात आले नाही. काकांची हसून हसून मुरकुंडी वळली. मास्तरांनी ‘ऊठ’ म्हणताच गडी पुन्हा पोहू लागला. मग काय, दर शनिवारी तो खेळच होऊन बसला.

“बाबा, पाण्यात दुसरा शब्द घ्या ना,” ताई म्हणाली. “‘चल’ म्हणा, ‘पुरे’ म्हणा.”

“अगं, तो माझा शब्द मोडत नाही आणि मी बदलत नाही. तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

पुढे एका शनिवारी माझ्या पुढच्या पट्ट्याची क्लिप तुटली. “संध्याकाळी नवीन आणते, तोवर पाण्यात नेऊ नका त्याला,” असे बजावून ताई कामाला गेली. पण ढब्ब्या दाराशी शेपूट आपटत बसला होता. मास्तरांना राहवेना. त्यांनी मला बरोबर घेतले, तलावावर बांधून पाहिले, आणि पट्टा सुटतोय म्हणून कठड्यावर टांगून ठेवले. काकांना म्हणाले, “आता पट्टीचा पोहणारा झालाय तो!”

मी सगळे पाहिले, मित्रांनो. ढब्ब्या माझ्यावाचूनही छान पोहत होता. मला त्याचा थोडा रागही आला, खोटे कशाला सांगू? सातव्या फेरीला त्याला धाप लागली. मास्तरांना त्याची दया आली. ते वाकून अगदी मायेने म्हणाले, “बस राजा, बस!”

ढब्ब्याने त्यांच्याकडे पाहिले आणि तो बसला.

मागचा भाग आधी खाली गेला, मग पाठ, मग कान. मास्तरांना तो नेहमीचा खेळच वाटला. ते हसले. मी कठड्यावर होते, माझी मूठ रिकामी होती. ढब्ब्या वर येईना, तेव्हा मास्तर “ये! ये रे! वर ये!” असे ओरडत कपड्यांनिशी पाण्यात उतरले. ते सगळे काही ओरडले, फक्त ‘ऊठ’ म्हणायचे राहिले. काकांनी त्याला काठावर घेऊन छाती दाबून पाहिली. बराच वेळ पाहिली. काही उपयोग झाला नाही.

संध्याकाळी ताई नवी क्लिप घेऊन आली. ती तिने मला शिवलीसुद्धा. शिवताना तिला टाका दिसत नव्हता.

तेव्हापासून त्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. ताई वाढत असताना मास्तर नुसता हात आडवा धरतात. पाहुण्यांना “टेका जरा” म्हणतात. बाहेरगावी जायचे तर “गाडी आली का?” असे विचारतात. ताईने मला सात वेळा धुतले, तरी माझ्या शिवणीतून पांढरे केस निघतच राहतात. दुपारी वारा सुटला की माझ्या क्लिपा दारावर टिक टिक वाजतात, थेट ढब्ब्याची नखे फरशीवर वाजायची तशा. मास्तर ताटावरून उठून येतात. दाराआड पाहतात. मला पाहून त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला सांगवत नाही.

मित्रांनो, तुटलेली क्लिप आधी लावा आणि मगच पाण्यात जा. ज्याला पाण्यात सोडाल त्याच्याजवळ राहा, कडेला उभे राहून हुकूम देऊ नका. आणि तुमच्या एका शब्दावर कोणी बसले असेल, तर त्याला तसेच ठेवून विसरू नका. मी अजून धडधाकट आहे. मला खाली काढून एखाद्या जित्या पाठीवर बांधा, एवढेच माझे मागणे आहे. काकांच्या बहिणीकडे एक लठ्ठ कुत्री आहे, असे ऐकते. ताईने दोनदा विषय काढला, मास्तरांनी दोन्ही वेळा मान फिरवली.

आजही शनिवार आहे. तलावाची वेळ झाली तसे मास्तर आले. त्यांनी माझ्या दोन्ही क्लिपा लावल्या, ओढून पाहिल्या, मूठ हातात घेतली आणि माझ्या पोकळ पोटाकडे बघत हळूच म्हणाले,

“ऊठ, राजा. ऊठ आता.”