म्हशींना फिल्टरचं पाणी

तिसगावच्या स्टँडवर दिलावरचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानामागे बोअर, बोअरला नळ, आणि त्या नळाचं पाणी त्याच्या बापाच्या वेळेपासून ज्याला हवं त्यानं न्यावं. कुणी आभार मानत नसे. पाण्याचे कसले आभार?

मग पुण्याच्या एका सामाजिक उद्योगाकडून पंकजा मॅडम आल्या. सामाजिक उद्योग म्हणजे गरिबाला काही फुकट न देता, परवडेल त्या दरात विकून त्याचं भलं करणारी कंपनी. मॅडमनी दिलावरला समजावलं, की फुकट दिलं की घेणारा लाचार होतो, विकत घेतलं की ताठ मानेनं घेतो. फिल्टरचं मशीन कंपनीचं, वीस लिटरचा जार पाच रुपयांना, त्यातला एक रुपया दिलावरचा. रुपयाचं त्याला विशेष वाटलं नाही. पण गावात मुतखड्याची ऑपरेशनं वाढली होती आणि डॉक्टर बोअरकडं बोट दाखवत होते. तो हो म्हणाला.

सोमवारी मशीन सुरू झालं, नळ बंद झाला, आणि गाव हादरलं.

पहिल्या दिवशी कुणाचा विश्वासच बसला नाही. दुसऱ्या दिवशी लोक स्वतः जाऊन बघून आले. ज्या अर्थी दिलावर पाण्याचे पैसे घेतो, त्या अर्थी त्याच्या घरात काहीतरी भयंकर घडलंय, यावर एकमत झालं. भयंकर काय, यावर मात्र दोन गट पडले. एका गटानं त्याच्या धडधाकट पोराची, कैफची, नगरच्या दवाखान्यात किडनी काढली. दुसऱ्याच्या मते जमीन गेली होती. दिलावरच्या नावावर जमीन नव्हतीच, तेव्हा ती गेली असणार हे उघड होतं.

महिन्याभरात रोज सव्वाशे जार खपू लागले. मॅडम दिलावरचा फोटो काढून घेऊन गेल्या. ‘तिसगाव मॉडेल’ आता सोनईला न्यायचं ठरलं. गाव स्वच्छ पाणी पितंय म्हणून दिलावरही खूष होता.

एका सकाळी छबूबाईंच्या ट्रॅक्टरचं चाक काढायला तो त्यांच्या वस्तीवर गेला. छबूबाईंची वीस एकर बागायत, घरात स्वतःचा फिल्टर. त्या गोठ्यात उभ्या राहून दिलावरकडचा जार म्हशींच्या हौदात ओतत होत्या. शेजारी दोन रिकामे जार पडले होते.

“आक्का, फिल्टरचं पानी हाय ते.”

“म्हाईत हाय. म्हशी काय तक्रार करत न्हाईत.”

“मग घेता कशाला?”

छबूबाईंनी जार खाली ठेवला. “तू तोंडानं मागनारा न्हाईस, दिलावर. म्हनून गावानं ठरवलं, घरटी रोज एक जार घ्यायचा. मी तीन घेते. सहादेव त्याचा जार लिंबाच्या बागंला घालतो. तुला कळू द्यायचं न्हवतं, पन आता बघितलंसच.”

दिलावर चाक न काढताच परत आला.

घरी त्याची बायको मुमताज दारातच बसली होती. समोर तांदूळ, तेल, साखर, खजूर. रमजान तोंडावर होता आणि मशिदीच्या कमिटीनं जकातीतून हे किट पाठवलं होतं. ऐपत असलेल्यानं गरजूला द्यायचा तो वाटा दिलावर दरवर्षी न चुकता देत आला होता. यंदा घेणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. मुमताजनं एवढंच विचारलं, की मला न सांगता तुम्ही काय करून बसलात?

त्यानं किट उचललं, त्यावर स्वतःची जकात ठेवली आणि कमिटीच्या मुजफ्फरकडं नेऊन दिलं. मुजफ्फरनं डोळे पुसले. एवढ्या तंगीतही हा माणूस देतो, ही बातमी संध्याकाळच्या आत पाथर्डीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी दीडशे जार खपले.

दिलावरनं मॅडमना फोन लावला आणि मशीन घेऊन जायला सांगितलं. इतकी मागणी असताना का, ते त्यांना कळेना.

“मॅडम, म्हशी पितात.”

 मॅडमनी म्हशी नेमक्या किती ते विचारलं, कारण अहवालात लाभार्थ्यांचा आकडा आधीच गेला होता.

शेवटी मशीन छबूबाईंनी मागून घेतलं. “मला द्या,” त्या मॅडमना म्हणाल्या. “माझी कुनाला दया येत न्हाई.” हे खरं होतं. आता त्यांच्याकडून रोज चाळीस जार जातात आणि ते माणसं पितात.

गावाला मात्र एवढंच कळलं, की दिलावरचं मशीनसुद्धा गेलं.

परवा सहादेव मोटरसायकल ढकलत दुकानात आला. दिलावरनं ट्यूब काढली, हवा भरली, पाण्याच्या टपात बुडवून सगळीकडून फिरवली. बुडबुडा येईना. पुन्हा फिरवली.

“सहादेव, पंक्चर न्हाई.”

“नसंल,” सहादेव रस्त्याकडं बघत म्हणाला. “तू लाव की एक.”

दिलावरनं मान वर केली. सहादेवच्या मागं आणखी चार मोटरसायकली रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांची चाकं कडक होती.