तुलनेपुरता भाऊ

पोस्टात तिला सगळे शोधबाई म्हणायचे. पत्ता अर्धा पुसलेला असो, नाहीतर नुसतं ‘शिंपीकाकांच्या समोर, हिरवं दार’ एवढंच लिहिलेलं असो, असलं टपाल हातोहात फिरत शेवटी तिच्याच खणात येऊन पडायचं. ती ते दोन दिवस जवळ ठेवायची, चार दारांवर चौकशी करायची आणि तिसऱ्या दिवशी बरोबर माणसाच्या हातात द्यायची. वीस वर्षांत तिने परत पाठवलेली पाकिटं बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशी ही बाई, पण वर्षभर आपल्या पायांत काय शिरून बसलंय, ते काही तिला सापडत नव्हतं.

सकाळी थैला खांद्याला लावून पहिला जिना चढायला घेतला की दुसऱ्या मजल्यापर्यंत मांड्यांचे दगड व्हायचे. दगड हे नुसतं म्हणायला नाही, बोटाने दाबलं तर बोट आत जात नसे. हात वर करून पेट्यांमध्ये दहा-बारा पाकिटं टाकली की दंड भरून यायचे. संध्याकाळी अंग कुणी बडवून काढल्यासारखं व्हायचं, आणि रात्रभर झोपली तरी थकवा सकाळी उशाशी हजर. दोनदा तर लघवी काळ्या चहासारखी झाली होती. ते तिने एका डॉक्टरला सांगितलं, तर त्याने ‘पाणी पीत जा’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली.

डॉक्टर झाले एकूण आठ. पहिल्याने जीवनसत्त्वं दिली, दुसऱ्याने ती बंद करून निराळ्या रंगाची दिली. एकाने वय विचारलं, तिने एकेचाळीस सांगितल्यावर ‘मग बरोबर आहे’ म्हणाला. काय बरोबर आहे, ते नाही सांगितलं. एकाने रक्ताचा अहवाल पाहून यकृताचे आकडे वाढलेत म्हटलं आणि आवाज खाली आणून ‘तुम्ही घेता का हो थोडीफार?’ असं विचारलं. ती थोडीफार काय, सणकून संतापली. आठव्याने मात्र शांतपणे सांगितलं की हे सगळं मनाचं आहे, एखादा छंद लावून घ्या.

मोठे साहेब मनाने वाईट नव्हते, पण उशिरा पोचलेल्या टपालाच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर साचत चालल्या होत्या.

“बाई, मला कागद आणून द्या,” ते म्हणाले. “आजाराचं नाव लिहिलेला. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर मला ‘कामात टाळाटाळ’ असा शेरा मारावा लागेल, आणि तुमचं बीट दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल.”

बीट म्हणजे तिची रोजची ठरलेली फेरी, चारशे बारा दारांची. ती जाईल याचं दुःख होतंच, पण त्याहून तो शेरा तिला झोंबला. आणि खरं सांगायचं तर शेऱ्याहूनही एक गोष्ट जास्त छळत होती. आठ शिकलेली माणसं म्हणतात काही नाही, नवरा प्रेमाने म्हणतो काही नाही, मग खरंच काही नसेल तर? आपण स्वतःलाच बनवत असू तर? हे एकदाचं कळायला हवं होतं, वाईट का निघेना.

तिचा धाकटा भाऊ नाक्यावर घड्याळं दुरुस्त करायचा. एक स्टूल, एक भिंग आणि अंगावर येणारी शांतता, एवढं त्याचं दुकान. घरात त्याचं नाव निवांतराव पडलं होतं. जिना चढताना तो दर वळणावर थांबून भिंतीवरच्या सूचना वाचायचा, जड पिशवी उचलायची वेळ आली की नेमका बुटाचा बंद बांधायला वाकायचा. सगळे त्याला हसायचे, तोही हसायचा. ताईवर मात्र त्याचा जीव होता.

“ताई, घड्याळ बिघडलं की मी ते कुठे थांबलं हे आधी बघत नाही,” तो भिंग न काढताच म्हणाला. “शेवटचं नीट कधी चालत होतं, ते गिऱ्हाइकाला विचारतो.”

हे तर तिचंच तंत्र होतं. चुकलेलं टपालही ती असंच मागे मागे शोधत न्यायची. मग आपल्याला आधी का नाही सुचलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली आणि बीटाच्या जुन्या वह्या काढून बसली. तिसऱ्या वहीत तिला ते दिसलं. गेल्या वर्षी ऑफिसात नवा संगणक आला आणि त्याने सगळ्यांच्या फेऱ्या नव्याने आखल्या. तिची फेरी आधी बाजारपेठेच्या सपाट रस्त्याने सुरू व्हायची, एकेका दुकानाशी थांबत, गप्पा मारत. शेवटी लागायच्या लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारती. संगणकाने ती बरोबर उलटी केली होती, आता इमारती आधी. आणि दुखणं सुरू झालं होतं त्याच आठवड्यात.

म्हणजे जिने तेच, थैला तोच, बाई तीच. नुसता क्रम बदलला म्हणून माणूस आजारी पडतो? असलं कोडं समोर आल्यावर ती गप्प बसणार थोडीच.

नुसतं सपाट चाललं तर काय होतं ते मोजायला रविवारी दोघं मोकळ्या मैदानावर गेली. भाऊ स्टॉपवॉच घेऊन बाकावर बसला.

“तूही चल की जरा. गंज चढलाय अंगाला.”

“मी चाललो तर वेळ कोण बघणार? तू पाय चालव, मी काटा चालवतो.”

ती झपाझप निघाली. तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या ओरडायला लागल्या, पाचव्याला थांबावंसं वाटलं. ती थांबली नाही, नुसती हळू झाली. आणि मग आठव्या मिनिटाच्या आसपास काहीतरी सुटलं. श्वास खाली आला, पाय हलके झाले, आणि पुढचा अर्धा तास ती अशी चालली की भावाने बाकावरून टाळ्या वाजवल्या. आठवडाभर तिने हे नऊ वेळा करून पाहिलं. नऊच्या नऊ वेळा सात ते नऊ मिनिटांच्या मध्ये कुठेतरी ते दार उघडायचंच. तिने सगळं वहीत लिहिलं, वेळेसकट.

बीटावरच्या एका लॅबवाल्या बाईने तिला मोठ्या हॉस्पिटलातल्या स्नायूंच्या विभागाचं नाव सांगितलं. महिना संपायला चार दिवस होते. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि आधी त्याही अहवालच चाळत होत्या. वहीपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला.

“आठ मिनिटांनी बरं वाटतं? हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगणार? मी मोजलं.”

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “मला पहिल्यापासून सांगा. अजिबात घाई करू नका.”

वर्षभरात हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं, काळ्या चहासकट. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की ते यकृताचे म्हणून सांगितलेले आकडे मोडलेल्या स्नायूंमधूनही येऊ शकतात. आपल्या मनात एक संशय आहे, पण तपासल्याशिवाय आजाराचं नाव घेणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

तपासणी ऐकायला सोपी होती. कोपराशी सुई लावून ठेवायची, मुठीत एक दांडा मिनिटभर जोरजोराने दाबायचा, आणि मग थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं. जोर लावला की निरोगी माणसाच्या रक्तात लॅक्टेट नावाचं एक आम्ल सरसर वाढतं. ते किती वाढतं हे बघायचं होतं.

“तुलनेला एक धडधाकट माणूस लागतो,” यंत्रावरचा माणूस म्हणाला. “म्हणजे आमचं यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळतं. बरोबर कोण आलंय?”

“हा आहे की,” ती म्हणाली. “आयुष्यात कधी दमलेला नाही. दमण्यासारखं कधी काही केलंच नाही ना!”

भावाने मुकाट्याने सही करून बाही वर केली. तिने मिनिट पुरं केलं, दात-ओठ खात. त्याने चाळीस सेकंदांतच दांडा खाली ठेवला आणि हात चोळत ‘बास झालं’ म्हणाला.

“बघा, मिनिटभरसुद्धा कष्ट नकोत याला,” ती म्हणाली, आणि खोलीतले सगळे हसले.

तासाभराने यंत्राने दोन रेषा काढल्या. एक तिची, एक त्याची. दोन्ही टेबलाच्या कडेसारख्या सपाट. यंत्रावरच्या माणसाने कपाळाला हात लावला. द्रावणं बिघडली असणार, तो म्हणाला, आणि नवी बाटली फोडली. तरी तेच. मग त्याने वैतागून स्वतःच्याच हाताला सुई लावून घेतली आणि दांडा दाबला. त्याची रेषा भसकन वर गेली, कागदाच्या टोकापर्यंत.

यंत्र खरं बोलत होतं. तो उठून डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला.

“तुम्ही सख्खी भावंडं?” त्यांनी आल्या आल्या विचारलं, आणि दोघांना शेजारी बसवलं. “याला मॅकार्डलचा आजार म्हणतात. जन्मापासूनचा असतो. स्नायूंच्या कोठीत साखर भरलेली आहे, पण तिच्या कुलपाची किल्लीच नाही. एकदम जोर लावला की स्नायू उपाशी राहतात, मोडतात. हळूहळू चालत राहिलं तर आठेक मिनिटांनी रक्तातून बाहेरचा शिधा यायला लागतो. पक्कं करायला जनुकांची तपासणी करू. औषध असं नाही, पण कसं वागायचं ते शिकता येतं. तुमचा कागद मी आत्ताच देते. फेरी सपाट रस्त्यानेच सुरू करायची, असंही त्यात लिहिते.”

नाव होतं. खरं, लिहिता येणारं नाव. तिला हसूच फुटलं. औषध नसलेला आजार मिळाला म्हणून बाई हसते, हे पाहून यंत्रावरचा माणूस गोंधळला. पण तिचं ओझं उतरलं होतं, आणि ते का उतरलं हे त्याला सांगत बसायला तिला वेळ नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा फॉर्म पुढे घेतला. “आता तुम्ही. तुम्हाला त्रास कधीपासून आहे?”

“मला?” भाऊ म्हणाला. “मला कसला त्रास? मी पहिल्यापासूनच आळशी आहे.”

उंची सांगावी तितक्या सहज त्याने हे सांगितलं. तिचं हसू तिथेच विरलं. तिला शाळेचं मैदान दिसलं. तो नऊ वर्षांचा, दुसऱ्याच फेरीत खाली बसलेला. ती बाराची, स्वतः कधी न धावलेली, कारण वही धरून सगळ्यांच्या फेऱ्या मोजायचं काम तिने आधीच पटकावलेलं. साऱ्या शाळेसमोर तिने त्याचा हात धरून ओढलं होतं आणि ‘ऊठ आळशा’ म्हणून ओरडली होती. निवांतराव त्यानंतर झाला. वर्षभर ती स्वतःसाठी दारोदार विचारत फिरली. त्याला, आपल्या सख्ख्या भावाला, एवढ्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिचे कान लाजेने गरम झाले.

“नऊ वर्षांचा असल्यापासून,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “लिहा. मी होते तिथे.”

भावाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो कोपरावरचा कापूस दाबून धरून बसला होता.

“दुखत होतं गं ताई,” तो म्हणाला. “तेव्हा खूप दुखत होतं.”