ऐकणाऱ्या टेपरेकॉर्डरची कबुली

मित्रांनो, गाणी वाजवणारी माझी भावंडं तुमच्या आजी-आजोबांनी पाहिली असतील. विणलेला रुमाल पांघरून ती घराघरांतल्या फळीवर ऐटीत बसायची. मी त्यांच्यातला नव्हे. मी एक जुना, राखाडी, दोन चकत्यांचा टेपरेकॉर्डर आहे, आणि उभ्या जन्मात माझ्यातून एकही गाणं वाजलेलं नाही. मी ऐकायला जन्मलो. ऐकता ऐकता माझ्या हातून एक अपराध घडला. तो सांगितल्याशिवाय मला गंजताही येत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या तारा जोडल्या आणि शेवटी माझ्या पोटात एक काळा रबरी पट्टा चढवला. बांगडीएवढा तो पट्टा! पण माझ्या दोन्ही चकत्या त्याच्याच जोरावर फिरायच्या. "जपून राहा हं," असं पुटपुटून तिने माझं झाकण लावलं. मला वाटलं, ती मलाच जपायला सांगतेय. जपायचं कुणाला होतं, ते फार उशिरा कळलं.

खोक्यातून निघालो तो एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. बाहेर पाटी होती, 'जुने कागदपत्र विभाग'. ती वाचून कुणालाही जांभई यावी, म्हणूनच ती लावली होती. आत मात्र देशाचे कान होते. मित्रांनो, देशाचं वाईट करायला निघालेली माणसं ढोल बडवत येत नाहीत. हळू बोलतात, हळू चालतात. म्हणून त्यांच्याहून हळू पावलांनी त्यांच्या मागे जाणारी माणसं लागतात. कुणाचा फोन ऐकायचा आणि किती दिवस, याचा सहीचा कागद वरून यायचा. मग मी चकत्या फिरवायचो आणि माझ्यासमोर ताई बसायच्या.

ताई म्हणजे आमच्या विभागातल्या ऐकणाऱ्या बाई. कानाला यंत्र लावून त्या डोळे मिटायच्या आणि पेन्सिल चालू व्हायची. खोकल्यावरून माणूस ओळखायच्या, श्वासावरून त्याचं वय सांगायच्या. साहेब गमतीने म्हणायचे, "बाई, देवाने तुम्हाला कान जरा जास्तच मोठे दिले."

"हो ना साहेब, शाळेत सगळे हेच म्हणायचे. आता त्याचाच पगार मिळतो."

दर आठवड्याला तेलकाका यायचे. आमच्या सगळ्या यंत्रांचे मेकॅनिक. "काय रे ढेरपोट्या, खाल्लेलं पचतंय ना?" असं म्हणत झाकण उघडायचे, पट्ट्याला बोट लावून ताण बघायचे, तेलाचा एक थेंब सोडायचे. आईने तान्ह्याच्या टाळूवर सोडावा तसा.

ते माझे सोन्याचे दिवस. एकदा ताईंनी आणि मी मिळून दोन माणसांचं कुजबुजणं पकडलं. त्यावरून नदीवरच्या पुलाखाली ठेवलेली स्फोटकं सापडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी शाळेच्या पोरांसकट सुखरूप पार झाली. पेपरात एक ओळ आली नाही. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ताईंना खुर्चीवर ठेवायला नवी उशी दिली, एवढाच सत्कार. पण त्या दिवशी ताई घरी जाताना जिना उतरत नव्हत्या, तरंगत होत्या.

मग तेलकाका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. त्यांनी जाण्याआधी लिहिलेला अर्ज, 'यंत्र क्रमांक चारचा पट्टा बदलावा', एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि तिथेच झोपला. माझा पट्टा सैल पडत चालला. टेप जेवढी भरभर सरकायला हवी तेवढी सरकेना. मला ते कळत होतं. पोटातलं दुखणं ज्याचं त्याला कळतंच. पण माझ्यावर टेप भरून माझ्यावरच ऐकली, तर सगळं ठीक वाटायचं, कारण ऐकवतानाही मी तसाच रेंगाळायचो. तीच टेप साहेबांच्या नव्याकोऱ्या यंत्रावर चढली, की ते तिला खऱ्या वेगाने पळवायचं. मग जाड आवाज बारीक व्हायचा, संथ बोलणं घाईचं व्हायचं.

त्या दिवसांत आमचा विभाग एका माणसाच्या मागावर होता. त्याचा आवाज चिरका, बोलणं भरभर. म्हणून त्याला आम्ही 'चिमणा' म्हणायचो. तो वीजकेंद्र उडवायच्या बेतात होता आणि त्यासाठी घड्याळाचे सुटे भाग गोळा करत होता. म्हणून गावातल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानांचे फोन ऐकायचा कागद आला. त्यातलं एक दुकान घड्याळवाल्या आजोबांचं. मी तो फोन ऐकू लागलो.

एके दुपारी आजोबा कुणाशी तरी बोलले. "वस्तू तयार आहे. सोमवारी माणूस पाठवा." ताईंनी लिहिलं, 'बोलणारा वयस्कर, सत्तरीचा. बोलताना धाप लागते. गिऱ्हाइकाशी साधं बोलणं.' आणि टेप साहेबांकडे गेली.

साहेबांची खोली शेजारीच. मधलं दार उघडंच असायचं. त्यांच्या यंत्रातून आवाज आला आणि माझ्या चकत्या गोठल्या. आजोबा नव्हतेच ते! चिरका, घाईचा, तरणा आवाज.

"चिमणा!" साहेब उठलेच. "बाई, हा सत्तरीचा म्हातारा?"

ताई गोंधळल्या. "साहेब, मी ऐकलं तेव्हा… तेव्हा असा नव्हता."

"माणसाचा कान थकतो. यंत्र खोटं बोलत नाही. वीजकेंद्रात चारशे माणसं कामाला आहेत, बाई. उद्या काही झालं तर मी काय सांगू, आमच्या बाईंना म्हातारा वाटला म्हणून?"

मित्रांनो, मला त्या क्षणी ओरडायचं होतं. मी खोटं बोलतोय, माझं पोट उघडा! पण माझ्या तोंडून दुसऱ्याचंच बोलणं निघतं, माझं निघत नाही.

ताईंनी टिपण पुढ्यात घेतलं. बराच वेळ पेन्सिल हातात नुसती फिरली. मग पहिली ओळ खोडून त्यांनी लिहिलं, 'बोलणाऱ्याच्या वयाबद्दल खात्री नाही.' खाली सही केली. तेवढंच. खोटं असं त्यात काही नव्हतं. पण त्या चार शब्दांच्या फटीतून एक अख्खा माणूस खाली पडला.

चिमणा याच दुकानातून बोलतो, तर आजोबांनीच त्याला लपवलंय, असा तर्क झाला. दुसऱ्या दिवशी आजोबांना भर बाजारातून, सगळ्यांच्या देखत, गाडीत घालून नेलं.

दुकानाचा फोन ऐकायचा कागद अजून चालू होता. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकावं लागलं. आजोबांच्या घरी फोन नव्हता. आजी रोज दुकान उघडून तिथून फोन लावायच्या. आधी दवाखान्यांना, मग चौक्यांना, मग नातेवाइकांना. "अहो, हे परवापासून घरी आले नाहीत. उंचीला मध्यम, चष्मा आहे, गोळ्या घरीच राहिल्यात." धाकट्या दिराला म्हणाल्या, "भाऊजी, लोक दुकानासमोरून जाताना मान फिरवतात हो. शेजारची म्हणाली, उगाच कुणी कुणाला नेत नाही."

ताई ऐकायच्या. पेन्सिल हलायची नाही.

आठव्या दिवशी आजींनी फोन उचलला आणि ताई एकदम ताठ झाल्या. आजी बोलत होत्या तेच, पण त्यांच्या मागे काहीतरी नव्हतं. ताईंनी कानावरचं यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"टिकटिक कुठे गेली?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

फोनच्या शेजारी भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं. त्याला आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागायची. किल्ली देणारा हात कोठडीत होता, म्हणून घड्याळ थांबलं होतं. इतके दिवस प्रत्येक बोलण्यामागे ते चालत होतं, आणि रोज कानावर पडणाऱ्या गोष्टीकडे जसं कुणाचं लक्ष जात नाही, तसं ताईंचंही गेलं नव्हतं. आता त्या गप्पपणाने त्यांना हलवून जागं केलं. त्या तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, ती टेप लावा. तुमच्या यंत्रावर. आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघा."

"काय चाललंय बाई?"

"ठोके मोजायचेत. एवढं करा, मग हवं तर मला घरी बसवा."

टेप लागली. दोघं मोजत राहिले. साठ ठोके झाले तेव्हा साहेबांच्या मनगटावर बावन्नच सेकंद झाले होते.

"घड्याळ बिघडलेलं असेल," साहेब म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"तासाला नऊ मिनिटं पुढे पळणारं घड्याळ? आणि ते घड्याळजीच्या भिंतीवर? साहेब, मी तेच ठोके थेट फोनवर ऐकलेत. एका सेकंदाला एक. घड्याळ नाही पळत, टेप पळतेय. आणि टेपबरोबर त्या बिचाऱ्या माणसाचा आवाज."

साहेब बाहेर आले. त्यांनी स्वतः माझं झाकण उघडलं. पट्टा बोटाला वेलीसारखा लोंबला.

दहाव्या दिवशी आजोबांना सोडलं. तोवर खरा चिमणा केव्हाच उडाला होता. त्याच्या खोलीत वीजकेंद्राचा नकाशा सापडला, तो नाही सापडला. सगळा विभाग चुकीच्या माणसाला प्रश्न विचारत बसला असताना त्याला दहा दिवस मोकळं रान मिळालं होतं. पुढे वीजकेंद्राला काही झालं नाही, हे आमचं नशीब. त्याचं श्रेय आम्हाला घेता येणार नाही.

"आजोबांना माफीचं पत्र?" ताईंनी विचारलं.

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. "काय लिहू त्यात? आम्ही तुमचा फोन ऐकत होतो? चिमण्यासारखी माणसं सावध होतील, ऐकायचे सगळे रस्ते बंद होतील." मग हलकेच म्हणाले, "मला वाईट वाटत नाही असं नाही, बाई."

आमच्या कामातली ही सगळ्यात जड गोष्ट. गुपित देशाला राखतं, आणि तेच गुपित आमची चूकही झाकून ठेवतं. आजोबांना एवढंच सांगण्यात आलं, 'चौकशी संपली, जा.'

माझा पट्टा बदलायला घरून तेलकाकांना बोलावून आणलं. ते काम करत असताना ताई शेजारी येऊन बसल्या.

"काका, मी काल त्यांच्या दुकानात गेले होते. माझं मनगटी घड्याळ घेऊन, गिऱ्हाईक म्हणून."

"मग?"

"त्यांनी भिंग लावलं, चिमटा उचलला. हात थरथरायला लागला. चिमटा ठेवून म्हणाले, ताई, बारीक काम आता जमत नाही. दुसरीकडे दाखवा. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, काका. माफीचा शब्द ओठापर्यंत आला होता. आणि मी 'बरं' म्हणून उठून आले."

तेलकाकांनी नवा पट्टा पुसून चढवला. "जाताना मी कुणाच्या तरी हातात हे तेल द्यायला हवं होतं," एवढंच बोलले.

त्याच दिवशी ताईंनी फाइलमध्ये एक कागद लावला. 'माझं पहिलं टिपण बरोबर होतं. दुसरं मी भीतीने लिहिलं.' साहेब म्हणाले, "प्रकरण मिटलंय, याची गरज नाही." ताई म्हणाल्या, "म्हणूनच लिहितेय." साहेबांनी तो कागद काढला नाही. उलट त्याच्या खाली, 'मीही ऐकून घेतलं नाही,' असं लिहून स्वतःची सही केली.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. त्या काळची ती गुपितं केव्हाच जुनी झाली, चिमण्याला विचारणारंही कुणी उरलं नाही. म्हणून बोलायचं धाडस करतोय. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या देशाची राखण करायला जाईल. जरूर जा, ते मोलाचं काम आहे. पण आमच्यासारख्या यंत्रांची झाकणं अधूनमधून उघडून बघत जा. आणि समोर बसलेलं माणूस 'मी ऐकलं ते असं नव्हतं' म्हणालं, तर आमच्याकडे बोट दाखवून त्याला गप्प करू नका. दाराबाहेरच्या शत्रूवर नजर ठेवताना दाराआतला निरपराध माणूस चिरडला, तर राखलं तरी काय?

मी जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं परत बोलून दाखवलं. हे एवढं मात्र माझं स्वतःचं आहे. त्या बाजारातल्या, मान फिरवून गेलेल्या सगळ्यांना ऐकू जावं, म्हणून मोठ्याने सांगतो: घड्याळवाल्या आजोबांनी काहीही केलं नव्हतं. आजोबा, तुम्ही काहीही केलं नव्हतं.