भरलेलं धरण

अठ्ठ्याऐंशी सालच्या दिवाळीत आम्ही धरण बघायला गेलो, ती कल्पना माझी. कौतुक करायचं तर माझं करा, आणि बोल लावायचा तरी मलाच लावा.

आम्ही तेव्हा अंबरनाथला चाळीत राहायचो. आमचे हे, म्हणजे किसन, रंगाच्या कारखान्यात. आमची लेक विठा अकरा वर्षांची. आणि ह्यांची थोरली बहीण, गंगूआक्का. आक्काचं सासरचं गाव बारवीच्या धरणात गेलं, पाठोपाठ नवरा गेला. मग ती एक ट्रंक घेऊन आमच्याकडे आली ती राहिलीच.

तिची एकच खोड मला खपायची नाही. दाराशी नळ, पण ती नळाचं पाणी प्यायची नाही. रोज कळशी घेऊन शाळेमागच्या हातपंपावर. का, विचारलं तर म्हणायची, "नलाच्या पान्याला वास येतो." मी शेजारच्या कुमुदिनीला सांगायचे, "आमच्याकडे राणीसरकार उतरल्यात. त्यांना हातपंपाचंच लागतं."

आणि तिची मागणीही एकच. "किसन, एकदा मना धरनावर ने. उनाल्यात ने."

उन्हाळ्यात ह्यांना रजा नसायची, खाडा केला की पगार कापायचे. दिवाळीत मात्र कारखाना चार दिवस बंद, तोही भरपगारी. विठालाही सुट्टी. शिवाय जानेवारीत तिला बारा पुरी होणार, म्हणजे एसटीचं अर्धं तिकीट चालायची ही शेवटची दिवाळी. पोरीची सहल आणि आक्काची हौस, एका खर्चात दोन कामं. मी म्हटलं, "आक्का, आपण दिवाळीतच जाऊ. सगळं हिरवंगार असतं."

"उनाल्यात बरा पडला असता गो."

"उन्हाळ्यात काय बघणार? कोरडा खड्डा?"

ती कळशी उचलून हातपंपावर गेली. भावाच्या घरी राहणारी बाई एका वेळी दोनदा मागत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. सकाळी मी पुऱ्या तळत होते. बटाट्याची भाजी झाली होती, उरलेला चिवडा डब्यात भरला होता. वळून बघते तर आक्का दुधाची पिशवी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओततेय.

"अहो आक्का, मग चहात काय घालू? नळाचं पाणी?"

तिनं बूच लावलं आणि बाटली पदराखाली धरली.

"जाऊ दे ना," हे म्हणाले, "कोरा पिऊ."

"तुम्हाला काय, बहिणीनं विष दिलं तरी बशीत ओतून प्याल."

बदलापूरहून एसटीनं गेलो. उतरून चढण चढलो, तर समोर धरण काठोकाठ भरलेलं. विठा ओरडली, "आई, समुद्र!" मला अगदी मीच ते भरल्यासारखा अभिमान वाटला.

आक्का कपाळावर हात धरून उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"शालन, खुटं दिसतात का गो?"

"कसली खुंटं?"

"झाडांची. उनाल्यात पानी उतारला का वरती येतात. आपली लोका जातात बघाया."

मी इकडून तिकडे नजर फिरवली. पाणी आणि पाण्यावरचं ऊन.

"नाही दिसत, आक्का."

"नायच दिसायची. भरलाय ना." तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आत्या, तुझं घर कुठं होतं?" विठानं विचारलं.

"त्या डोंगराच्या नाकासमोर. घरामांगं आंबा. आंब्याखाली माझा पोर हाय."

ह्यांनी मान खाली घातली. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. सहा महिन्यांचं लेकरू. इतक्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात.

"घराचं पैसं दिलं," आक्का म्हणाली, "आंब्याचंही दिलं. पोराचा काय कागदच नव्हता."

ती एकेक दगड चाचपत पाण्यापर्यंत उतरली आणि बाटलीचं बूच काढलं. तेवढ्यात वरून शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला.

"ओ मावशी! पाण्यात काय टाकायचं नाय! पिण्याचं पाणी आहे ते. पार अंबरनाथपर्यंत नळाला हेच जातं."

"ठावं हाय मना," आक्का मागे न बघता म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर तिची कळशी आली. शाळेमागचा हातपंप, पावसातही, तापातही. आणि राणीसरकार म्हणणारी मी.

रखवालदारानं बाटलीतलं पांढरं बघितलं. "देवाचं आहे का? मग उरका लवकर."

"देवाचंच आहे," मी म्हटलं.

दूध पाण्यावर जरासं पसरलं आणि दिसेनासं झालं. आम्ही झाडाखाली बसून पुऱ्या खाल्ल्या. त्या चामड झाल्या होत्या. परतताना मी म्हटलं, "आक्का, मे महिन्यात नक्की येऊ. खाडा पडला तर पडला."

"हां," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिला काय दिसत होतं, देव जाणे.

विठानं शाळेत निबंध लिहिला, 'आमची सहल'. त्यात होतं, धरण फार सुंदर आहे. बाईंनी शेरा दिला, छान.

शिमग्याच्या सुमारास आक्कानं अंथरूण धरलं. कावीळ होती, उशिरा कळली. आता कळशी घेऊन हातपंपावर मी जायचे. कुमुदिनी एकदा म्हणाली, "काय गं, आता तूही राणीसरकार?" मी कळशी कमरेवर घेतली आणि चालू लागले.

एका दुपारी आक्काची मान उचलून फुलपात्र ओठांना लावलं, तर तिनं तोंड मिटून घेतलं.

"नलाचं दे."

"अहो, हे तुमचंच आहे, हातपंपाचं. आत्ताच आणलंय."

"ता नको. मे लांब हाय गो. नलाचं दे."

मी उठले. माठात आमचं नळाचं भरलेलं होतं, ते फुलपात्रात घेतलं. आक्का ते घोट घोट करत सगळं प्यायली. मी हात पुढे केला, पण तिनं फुलपात्र दिलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.