पंचायतीची चाबी

विजयाचा गुलाल अजून केसांतून निघाला नव्हता, तोच हरलेल्या पॅनलची झुंबरबाई भरदुपारी पुष्पांजलीच्या दारात उभी. आता सांगा, पाच वर्षं सरपंच राहिलेली बाई, जिनं तिला पाडलं तिच्याच घरी कशाला येईल? साखर वाटायला तर नक्कीच नाही.

झुंबरबाईनं पदराची गाठ सोडली. आत ग्रामपंचायतीच्या कुलपाची चाबी होती.

"घे पोरी. आत्ताच घे."

पुष्पांजलीनं हात मागं घेतला. उद्या ग्रामसेवकासमोर पदभार द्यायचा ठरलाय, मग आज ही घाई काऊन? हिचा नवरा कारभारी म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला. आज चाबी घ्यावी आन् उद्या त्यानं बोंब मारावी, कपाटातलं अमुक गेलं, तमुक गेलं. तिच्या नवऱ्यानं, गोकुळनं, प्रचारभर बजावलं होतं, त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

"काकू, काकानं पाठवलं का तुमाले?"

"त्याईले मालूम नाही. झोपले हायेत. खुंटीवरच्या बंडीतून काढून आणली."

झालं. संशय दुपटीनं वाढला.

"चोरून आणलेली चाबी मी घेऊ? उद्या चारचौघात द्या."

"उद्या ती माह्या हातात राह्यची नाही."

"मंग ज्याच्या हातात राहीन तो देईन."

झुंबरबाईनं चाबी पदरात ठेवली. पुन्हा गाठ मारून निघून गेली. बरी जिरवली, असं पुष्पांजलीला वाटलं. संध्याकाळी गोकुळला सांगितलं, तर तोही खूश झाला. "अशीच हुशार राहा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंचायतीत गाव लोटलं. दोन्ही पॅनलची माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत होती. पुष्पांजली नवं पातळ नेसून पुढं उभी राहिली, हात पुढं केला. कारभारीनं बंडीतून चाबी काढली, तिच्या हातावरून पलीकडं नेली आणि गोकुळच्या तळहातावर ठेवली.

"सांभाळा, सरपंच."

"सांभाळतो, सरपंच," गोकुळ म्हणाला, आणि दोघंही हसले. महिनाभर एकमेकांची आयमाय काढणारे हेच ते दोघं. ग्रामसेवकानं सहीचा कागद तेवढा पुष्पांजलीपुढं सरकवला.

"चाबी माह्याजवळ द्या," ती हळूच म्हणाली.

"तुले कायले वझं?" म्हणत गोकुळनं ती खिशात टाकली.

तिनं सही केली. बायकांत झुंबरबाई बसली होती, तिच्याजवळ जाऊन टेकली.

"काकू, पाच वर्सात तुमच्या हाती कधीच आली नाही?"

"एकदा आली होती," झुंबरबाई म्हणाली. "काल."