थांबल्याचा दंड

मित्रांनो, माझ्याकडे नीट पाहा. रंग उडालेला, एक आरसा तारेनं बांधलेला, हॉर्नचा घसा बसलेला. बोरी अरब ते दारव्हा सवाऱ्या वाहणारी मी जुनी काळीपिवळी जीप. हसू नका, दर वेळी माझं पासिंग होतं अजून.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात किती माणसं बसतील ते कागदावर छापलेलं होतं. बाबूसिंगनं मला घरी आणलं आणि पहिल्याच बाजाराच्या दिवशी तो कागद मला विसरायला लावला. माणसं, कोंबड्या, तुरीची पोती, नवरदेवसुद्धा मी वाहिले. बाबूसिंगला एक खोड होती. रस्त्याच्या कडेला माणूस उभा दिसला की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच. समोरच्यानं हात केला असो की नसो. "उभा आहे म्हंजे त्याले कुठंतरी जाचंच असन," असं तो म्हणायचा. लोक त्याला दुवा द्यायचे आणि माझे ब्रेक झिजायचे.

माझ्याच चाकांवर त्याची लेक समीक्षा शिकली. ती नर्स झाली, न्यूझीलंडला गेली. तिला बाळ झालं तेव्हा बाबूसिंग आणि त्याची बायको हंसाबाई तिकडे जाऊन आले. तिथं समीक्षानं समुद्र पाहायला जायला भाड्याची पांढरी गाडी घेतली, तीही बापाच्या नावावर. "बा, तुम्हीच चालवा," म्हणाली. परत आल्यावर किती दिवस तो माझ्या बॉनेटवर हात ठेवून त्या गाडीचं कौतुक सांगत होता. मला थोडा राग आला, खोटं कशाला बोलू? पण पठ्ठ्यानं परक्या देशात गाडी चालवली याचा अभिमानही वाटला.

मग एका सकाळी स्टँडवर त्याच्या मोबाइलवर कागद आला. इंग्रजी मजकूर, खाली त्याचं नाव आणि एका पांढऱ्या गाडीचा फोटो. शेजारी पानठेलेवाला उकंडा होता. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि ठामपणे सांगितलं, "दंड हाये हा. परदेशातला मामला, बाबूभाऊ. लायसन गेलं समज. पोरीच्या नोकरीवरबी येते हे."

उकंडानं आयुष्यात विमान पाहिलं ते आभाळात. पण बाबूसिंगला ते खरं वाटलं. त्यानं सवाऱ्या उतरवल्या, मला घरी आणून टिनाच्या छपराखाली उभं केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. लेकीचा फोन आला की "सगळं बेस हाये" म्हणायचा. रोज सकाळी माझ्यात येऊन बसायचा, किल्ली हातात धरायचा, लावायचा मात्र नाही. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. मी घाबरले, मित्रांनो. कारण एक दिवस त्यानं दारव्ह्याच्या भंगारवाल्याला फोन करून मला पाहायला बोलावलं.

तो फोन हंसाबाईंनी ऐकला. त्या आल्या, कोंबडीला हुसकलं आणि त्याच्या शेजारच्या सीटवर बसल्या. ही दोघं घरात गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत बोलतात, तुमच्यासाठी मी सोपं करून सांगते.

"काय झालं ते सांगा. नाहीतर मी उतरत नाही."

बाबूसिंगनं मोबाइलवरचा तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि उकंडा काय म्हणाला ते सांगितलं. मग म्हणाला, "माह्यापायी पोरीचं नुकसान झालं तर मी कोणत्या तोंडानं जगू?"

हंसाबाईंनी समीक्षाला व्हिडिओ कॉल लावला. समीक्षानं तो कागद मागवून घेतला, वाचला आणि डोक्याला हात लावला.

"बा, तुम्ही बसथांब्यावर गाडी उभी केली होती. काहून?"

"एक म्हातारी उभी होती ना, पावसात. मले वाटलं सोडून द्यावं."

"ती बसची वाट पाहत होती, बा!"

"ते तिनं हात हलवून सांगितलं मले, मग मी निघालो."

समीक्षा इतकी हसली की कडेवरचं बाळही हसायला लागलं. "एवढंच आहे हे. नुसता दंड. लायसनचा संबंध नाही, माझ्या नोकरीचा तर अजिबातच नाही. काय झालं ते खरंखरं सांगा, मी इंग्रजीत लिहून पाठवते."

बाबूसिंगनं माझ्यात बसूनच सांगितलं: मी ड्रायव्हर आहे, आमच्याकडे माणूस उभा दिसला की गाडी थांबते, तिथला नियम मला ठाऊक नव्हता, माफी असावी. बोलून झाल्यावर त्यानं इतका मोठा सुस्कारा टाकला की माझी सीटही हलकी झाली. काही दिवसांनी तिथल्या पालिकेचं उत्तर आलं तेव्हा समीक्षानं ते वाचून दाखवलं. पहिली चूक म्हणून दंड माफ, पुन्हा बसथांब्यावर थांबू नका. भाड्याच्या गाडीवाल्यांनी आपला कागदी खर्च तेवढा वसूल केला. हंसाबाईंनी डोळे पुसले आणि अंडी गोळा करून घरात गेल्या.

आणि त्याच दुपारी भंगारवाला एसटीनं हजर; त्याला नको म्हणून कळवायचं राहूनच गेलं होतं. त्यानं मला बुटानं ठोकून पाहिलं. मला काय वाटलं ते मलाच माहीत.

"गाडी विकाची नाही," बाबूसिंग म्हणाला. "पण तू वापस कसा जाशीन? बस, दारव्ह्याले सोडतो तुले."

किल्ली फिरली. मी दोनदा खोकले आणि सुरू झाले. भंगारवाला माझ्या पुढच्या सीटवर बसून गेला, आणि बाबूसिंगनं त्याच्याकडून भाडंही घेतलं. वाटेत एक आजोबा उभे होते. त्यानं आधी इंडिकेटर दिला, मला रस्त्याच्या पार खाली घेतलं, मगच थांबवलं. माणूस सुधारतो, मित्रांनो.

जुन्या गाडीला तेलपाणी द्या, ते तर द्याच. पण घरातलं बोलकं माणूस एकाएकी गप्प झालं, तर त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसा, आणि ते बोलेपर्यंत उतरू नका. हंसाबाई उतरल्या नाहीत, म्हणून मी आज रस्त्यावर आहे.